हिरडी दिसते म्हणून ओठाला इंजेक्शन द्यावे का?

एका ३१ वर्षांच्या वाचक महिलेचे पत्र आले आहे. हसताना वरच्या हिरड्या बऱ्याच दिसतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते; पण त्याचे विशेष काही वाटत नव्हते. आठ महिन्यांपूर्वी कार्यालयातील एका सामूहिक छायाचित्राकडे पाहून एक सहकारी सहज म्हणाला, "तुझ्या फोटोत दातांपेक्षा हिरड्याच जास्त आल्या आहेत." तेव्हापासून त्या ओठ मिटून हसतात, आणि मोकळे हसू आलेच तर हात आपोआप तोंडावर जातो. एका सौंदर्योपचार केंद्रात त्यांना बोट्युलिनम टॉक्सिनचे, म्हणजे ज्याला सगळेच सरसकट बोटॉक्स म्हणतात त्याचे, इंजेक्शन सुचवण्यात आले. "दहा मिनिटांचे काम आहे, नाही आवडले तर आपोआप उतरेल," असे तेथे सांगितले गेले. तीन आठवड्यांनी त्यांना एका मोठ्या कार्यक्रमात व्यासपीठावरून बोलायचे आहे आणि त्यापूर्वी हे उरकावे असे त्यांच्या मनात आहे. पती म्हणतात, हा पैशांचा चुराडा आहे. बहीण म्हणते, तुझे हसू हीच तुझी ओळख आहे, तिला हात लावू नकोस. पत्राच्या ओघात आणखी दोन गोष्टी आल्या आहेत: पुढच्या वर्षभरात मूल होऊ देण्याचा विचार आहे, आणि "शाळेत असताना तारा लावून दात सरळ केले, तरी ते अजून लहान मुलाच्या दातांसारखे आखूडच दिसतात." इंजेक्शन घ्यावे की नाही, हा त्यांचा प्रश्न आहे. ताजा कलमात विचारले आहे की, कार्यक्रमाआधी दात साफ करून घेतले तर चालेल का.

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा दंतवैद्य म्हणून वाचले, तेव्हा नजर आखूड दातांच्या त्या वाक्यावर अडली. दुसऱ्यांदा वाचताना "हात आपोआप तोंडावर जातो" या शब्दांवर थांबलो. तुम्ही विचारलेल्या प्रश्नापेक्षा या दोन वाक्यांत जास्त काही दडले आहे असे मला वाटते, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी घरातल्या दोन मतांविषयी. आपल्या चेहऱ्यातले काही बदलावेसे वाटणे हा उथळपणा नव्हे, आणि त्यासाठी स्वतःचे पैसे खर्च करणे हा गुन्हाही नव्हे. तेव्हा तुमच्या पतींचा आक्षेप मला पटला नाही. बहिणीचे म्हणणे मायेचे आहे, पण जे हसू तुम्ही आठ महिने हाताआड ठेवले आहे ती तुमची ओळख आहे, हे सांगून तुमची अडचण कशी सुटणार? दोघेही "करावे की करू नये" यावर बोलत आहेत. हिरडी दिसते ती कशामुळे, हा प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नाही. त्या केंद्रातही तो विचारला गेल्याचे तुमच्या पत्रावरून दिसत नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

हसताना हिरडी दिसणे ही एकच गोष्ट असली तरी ती चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी घडते. वरचा जबडाच उंचीला जास्त वाढलेला असू शकतो. वरचा ओठ मुळात आखूड असू शकतो. ओठाची लांबी व्यवस्थित असूनही तो उचलणारे स्नायू अतिउत्साही असू शकतात, म्हणजे ओठ गरजेपेक्षा जास्त वर धावतो. हिरडी सुजलेली किंवा वाढलेली असू शकते. दातांवर साठलेल्या थरामुळे तर ती वाढतेच, पण फिट्सवरील फेनिटॉइन, प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन आणि रक्तदाबासाठीची अ‍ॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन यांसारखी औषधेही काही जणांत हिरडी वाढवतात. आणि शेवटचे कारण असे की, दात पूर्ण लांबीचा असतो, पण वयात येताना हिरडी जितकी मागे सरकायला हवी तितकी सरकत नाही, आणि दाताचा वरचा भाग तिच्याखाली झाकलेलाच राहतो. अशा माणसाचे दात आखूड आणि चौकोनी दिसतात. तुमचे ते वाक्य म्हणून मला महत्त्वाचे वाटले.

स्नायू सैल करणारे इंजेक्शन यांपैकी फक्त एका कारणावर नेमके लागू पडते: ओठ जास्त वर धावणे. बाकीच्या कारणांत ते हिरडीवर पडदा ओढते, आणि काही वेळा तो पडदा चुकीच्या ठिकाणी पडतो.

हे थोडे आकड्यांत मांडतो, कारण इथे अंदाजापेक्षा साधी बेरीज-वजाबाकी जास्त उपयोगी आहे. प्रौढ माणसाच्या वरच्या मधल्या दाताची दिसणारी लांबी साधारण १० ते ११ मिलिमीटर असते आणि रुंदी त्या लांबीच्या सुमारे ७५ ते ८० टक्के. चेहरा सैल असताना, ओठ किंचित विलग असताना, तरुण स्त्रियांमध्ये या दाताची खालची ३ ते ४ मिलिमीटर कड दिसते. हसताना वरचा ओठ साधारण ६ ते ८ मिलिमीटर वर जातो. आता समजा, विश्रांतीच्या वेळी दाताची ३ मिलिमीटर कड दिसते आणि हसताना ओठ ७ मिलिमीटर वर गेला. एकूण १० मिलिमीटर उघडे पडले. दात १० मिलिमीटरचा असेल, तर ओठ बरोबर हिरडीच्या काठाला टेकला. पण तोच दात हिरडीखाली झाकला जाऊन साडेसातच मिलिमीटर दिसत असेल, तर अडीच मिलिमीटर हिरडी दिसणार, आणि यात ओठाचा काडीचाही दोष नाही. दुसरीकडे दात पूर्ण १० मिलिमीटरचा आहे, पण ओठ ७ ऐवजी १० मिलिमीटर वर गेला, तर ३ मिलिमीटर हिरडी दिसेल. तिथे दोष ओठाचा. छायाचित्रात दोघींचे हसू जवळपास सारखेच येईल.

आता पहिल्या स्त्रीला इंजेक्शन दिले, असे समजा. ओठ ७ ऐवजी साडेचार मिलिमीटरच वर जाईल, हिरडी झाकली जाईल, आणि खाली उरतील साडेसात मिलिमीटरचे आखूड दात. म्हणजे हिरडी दिसण्याची तक्रार जाऊन दात दिसत नसल्याची तक्रार येईल. वास्तविक तिला हवे होते ते उलट: झाकलेला दात मोकळा व्हायला हवा होता. तुम्ही या पहिल्या गटातल्या आहात असे मी पत्रावरून ठरवू शकत नाही, ते तपासणीनेच ठरेल. पण संशय घेण्याइतके कारण तुम्ही स्वतःच लिहून पाठवले आहे.

घरी एवढे करून पाहा. आरशासमोर उभ्या राहून "मम" असा उच्चार करा, ओठ सैल सोडा आणि वरच्या मधल्या दाताची किती कड दिसते ते पातळ पट्टीने मोजा. मग ओठ बोटाने वर धरून दाताची लांबी-रुंदी मोजा. तिसरे माप अवघड असते, कारण आरशासमोर कोणी खरे हसत नाही. त्यासाठी घरातल्या कोणाला तरी तुम्ही गप्पा मारत असताना दोन-तीन मिनिटांचे चित्रण करायला सांगा आणि त्यातला सर्वांत मोकळ्या हसण्याचा क्षण थांबवून पाहा. हे आकडे डॉक्टरांच्या मापांची जागा घेणार नाहीत, पण ते घेऊन गेलात तर "दहा मिनिटांचे काम आहे" हे वाक्य ऐकून खुर्चीत बसण्याऐवजी तुम्ही "माझ्या दाताची लांबी किती आहे?" असे विचाराल. समोरच्याने तुमची मापे न घेताच सुई उचलली, तर तिथून उठून येण्यात काही संकोच बाळगू नका.

माझा संशय खरा ठरला तर हिरड्यांच्या तज्ज्ञाकडून हिरडीचा काठ योग्य उंचीवर नेण्याची शस्त्रक्रिया करता येते. कधी नुसती जादा हिरडी काढून भागते. पण दाताभोवतीचे हाड हिरडीच्या काठाच्या फार जवळ असेल, तर तेही किंचित कोरून मागे न्यावे लागते. हाड आणि नव्या काठात साधारण ३ मिलिमीटरचे अंतर राखले नाही, तर कापलेली हिरडी काही महिन्यांत पुन्हा आपल्या जागी येते आणि सगळा खटाटोप वाया जातो. हा फरक आधी सलईने आणि क्ष-किरण चित्राने तपासायचा असतो. हा उपाय टिकाऊ आहे आणि म्हणूनच मागे घेता येण्याजोगा नाही, हेही स्पष्ट सांगतो. शिवाय नवा काठ स्थिरावायला काही महिने जातात. तारांच्या काळात साफसफाई नीट न झाल्याने हिरडी सुजून तशीच राहिली असेल, तर मात्र कदाचित नुसत्या स्वच्छतेनेही थोडा फरक पडेल.

उलट तपासणीत दात पुरेसे लांब निघाले, जबडा प्रमाणात निघाला आणि ओठच जास्त धावतो असे दिसले, तर इंजेक्शनविषयी माझा विरोध नाही. त्या स्थितीत तो सर्वांत सौम्य उपाय आहे. म्हणून ते नेमके काय करते, ते सांगतो.

मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला आकुंचनाचा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत जातो. बोट्युलिनम टॉक्सिन त्या टोकात शिरून, हे रसायन बाहेर सोडण्यासाठी लागणारे एक प्रथिन तोडते. स्नायू शाबूत असतो, मज्जातंतूही शाबूत असतो. फक्त निरोप पोहोचत नाही. काही महिन्यांत मज्जातंतूची टोके पुन्हा कामाला लागतात आणि परिणाम ओसरतो. हे तेच विष आहे, ज्याच्याविषयी जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी १८२०च्या सुमारास, खराब सॉसेज खाऊन माणसे दगावत होती तेव्हा, तपशीलवार लिहून ठेवले होते. पुढे अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी त्याचा औषध म्हणून वापर केला, १९८९ मध्ये तेथे त्या कामासाठी त्याला मान्यता मिळाली, आणि भुवयांमधील आठ्यांसाठीची मान्यता २००२ मध्ये आली. विष म्हटल्यावर दचकू नका; मात्रा इतकी सूक्ष्म असते की भीती बाळगण्यापेक्षा काळजी घेणे योग्य. पण एक गोष्ट कानावर घालतो. हिरडीच्या हसण्यासाठीचा वापर अमेरिकेतील मान्यताप्राप्त उपयोगांच्या यादीत नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर, उपलब्ध अनुभवाच्या आधारे तो करतात. वैद्यकात असे वापर पुष्कळ आहेत आणि त्यात बेकायदा काही नाही, मात्र तुमच्याकडून संमती घेताना हे सांगितले गेले पाहिजे.

प्रत्यक्ष कृती खरोखरच छोटी असते. तुम्हाला पूर्ण हसायला सांगतात, नाकपुडीच्या बाजूला बोट ठेवून आकुंचन पावणारा स्नायू चाचपतात, खूण करतात आणि इन्सुलिनच्या सुईसारख्या बारीक सुईने प्रत्येक बाजूला एक किंवा दोन ठिकाणी औषध सोडतात. ओठ आणि नाकपुडी उचलणाऱ्या त्या चिमुकल्या स्नायूचे नाव लेव्हेटर लाबी सुपिरिओरिस अ‍ॅलेक्वे नेसाय असे आहे; विद्यार्थिदशेत आम्हाला स्नायूपेक्षा त्याचे नाव जास्त त्रास देत असे. त्याच्या शेजारी आणखी दोन स्नायू असून तिघेही नाकपुडीच्या बाहेर एकमेकांजवळ येतात. दक्षिण कोरियातील योन्से विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये ही जागा मोजून दाखवली: नाकपुडीच्या कडेपासून सुमारे १ सेंटिमीटर बाहेर आणि ओठांच्या रेषेपासून सुमारे ३ सेंटिमीटर वर. आज बरेच डॉक्टर हा बिंदू आधाराला घेतात. बोटॉक्स या नावाच्या औषधाची मात्रा दर बाजूला साधारण २ ते ५ युनिट असते. तुलनेसाठी सांगतो, भुवयांमधल्या आठ्यांसाठी याच औषधाची ठरलेली मात्रा एकूण २० युनिट आहे. इथे कमी औषध लागते, पण चुकीला जागाही कमी असते, कारण अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने औषध ओठाचे कोपरे उचलणाऱ्या स्नायूत उतरू शकते.

तसे झाले की काय होते, ते मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ दुसरीकडे हे इंजेक्शन घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांची तक्रार अशी की गुळणी करताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळते. हसून दाखवा म्हटल्यावर उजवी बाजू वर गेली आणि डावी जागच्या जागी राहिली. हसत आहेत की रडवेले झाले आहेत, ते कळेना. मी त्यांना "प, फ, ब, भ, म" म्हणायला सांगितले, तर "फ" आणि "भ" म्हणताना ओठांतून हवा निसटत होती. हे ओष्ठ्य वर्ण आपण दिवसभरात किती वेळा उच्चारतो, याचा विचार आपल्या मनातही येत नाही. त्यांना पूर्ववत व्हायला दहा आठवडे लागले, आणि त्या दहा आठवड्यांत माझ्याकडे त्यांना देण्यासारखे धीराखेरीज काही नव्हते.

यावरून "नाही आवडले तर आपोआप उतरेल" या वाक्याकडे वळतो. ते खरे आहे, पण अर्धेच. हे इंजेक्शन उतरवता येत नाही, ते आपल्या गतीने उतरते. अनेकांचा इथे घोटाळा होतो, कारण ओठ किंवा गाल भरण्यासाठी वापरले जाणारे हायलुरोनिक अ‍ॅसिडचे फिलर दुसरे इंजेक्शन देऊन विरघळवता येते आणि ते ऐकीव ज्ञान लोक बोटॉक्सलाही लावतात. स्नायूत एकदा बसलेल्या या औषधाला असे पुसणारे काही नाही. आणि "आपोआप उतरेल" याची दुसरी बाजू अशी की, आवडले तरीही ते उतरणारच आहे. परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो, काहींना सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे वर्षातून दोन-तीनदा सुई, प्रत्येक वेळी तोच खर्च, आणि अधूनमधून असे आठवडे जेव्हा हिरडी हळूहळू परत दिसू लागली आहे आणि तुम्ही रोज आरशात मोजत आहात. हे जमणार असेल तर जरूर करावे. पण त्याचा हिशेब एका वेळच्या खर्चावर नाही, पाच वर्षांच्या खर्चावर मांडावा.

तीन आठवड्यांनंतरच्या कार्यक्रमासाठी मात्र माझे उत्तर स्पष्ट "नाही" आहे, मग हिरडी दिसण्यामागचे कारण तपासणीत कोणतेही निघो. परिणाम दिसायला तीन ते सात दिवस लागतात आणि पूर्ण परिणाम साधारण दोन आठवड्यांनी कळतो. चांगला डॉक्टर पहिल्यांदा मुद्दाम कमी मात्रा देतो आणि दोन आठवड्यांनी बोलावून कमी पडले असेल तर थोडे वाढवतो. ते वाढवलेले औषध लागू पडायला पुन्हा आठवडा-दोन आठवडे. तुमचे वेळापत्रक पाहिले, तर व्यासपीठावर उभ्या राहाल तो दिवस नेमका अनिश्चिततेच्या मध्यावर येतो, आणि त्या दिवशी तुम्हाला हसायचे तर आहेच, बोलायचेही आहे. शिक्षक, निवेदक, गायक, फुंकून वाजवण्याचे वाद्य वाजवणारे, अशा कोणीही पहिले इंजेक्शन महत्त्वाच्या दिवसाच्या दोन महिन्यांच्या आत घेऊ नये, असे माझे मत आहे.

मूल होऊ देण्याचा विचार तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण तिथे थांबायला हवे. गर्भावस्थेत आणि स्तनपानाच्या काळात सौंदर्यासाठी हे औषध टाळतात, कारण त्या काळातील सुरक्षिततेची पुरेशी खात्री देता येत नाही. याखेरीज गर्भावस्थेत हार्मोनच्या बदलांमुळे अनेकींच्या हिरड्या सुजतात आणि त्यांतून रक्त येते. तेव्हा पुढच्या दीड-दोन वर्षांत हिरडीचा काठ आपल्या आपणही बदलण्याचा संभव आहे. इंजेक्शन असो वा शस्त्रक्रिया, एक तर ती मूल होण्याच्या प्रयत्नांपूर्वी पुरेशी आधी पूर्ण व्हावी किंवा त्यानंतर सावकाश व्हावी. मी तुमच्या जागी असतो तर तपासणी आत्ता करून घेतली असती आणि उपचार नंतरवर टाकला असता.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी काही गोष्टी इथेच नोंदवतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा मज्जातंतू-स्नायूंचा आजार असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. जेंटामायसिनच्या गटातील प्रतिजैविके या औषधाचा परिणाम वाढवू शकतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे काळेनिळे डाग पडण्याची शक्यता वाढते; म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध सांगावे. सतरा-अठरा वर्षांच्या आतील मुला-मुलींच्या पालकांनी थोडे थांबावे, कारण त्या वयात हिरडी अजून मागे सरकत असते. ज्यांचा जबडाच उंच आहे त्यांना दंतरेषा वर ढकलणारे तारांचे उपचार किंवा जबड्याची शस्त्रक्रिया असे मोठे पर्याय असतात. इतके मोठे पाऊल उचलायचे नसेल, तर त्यांनी इंजेक्शनकडून थोड्याच फरकाची अपेक्षा ठेवावी.

औषध कुठे आणि कोणाकडून घ्यावे, याबाबत मी जरा कडक आहे. चेहऱ्याच्या स्नायूंचे शिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर असावा. बाटली तुमच्यासमोर उघडावी, औषधाचे नाव, युनिटची संख्या आणि तारीख लेखी मिळावी. नाव यासाठी महत्त्वाचे की, वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटे सारखी नसतात. बोटॉक्सची ४ युनिटे आणि डिस्पोर्टची ४ युनिटे म्हणजे एकच मात्रा नव्हे, आणि पुढच्या वेळी डॉक्टर बदलला तर हा कागदच कामाला येतो. स्वस्तात मिळते म्हणून कोणाच्या घरी किंवा केशकर्तनालयात हे घेऊ नका. २०२४ मध्ये अमेरिकेत अनेक राज्यांत बनावट किंवा अप्रशिक्षित हातांनी दिलेल्या अशा इंजेक्शनांमुळे माणसे आजारी पडली आणि काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. इंजेक्शननंतर काही तासांत किंवा काही आठवड्यांतही गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, पापण्या पडू लागल्या किंवा अंगात सर्वत्र अशक्तपणा आला, तर त्या केंद्राला फोन करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येतो. तीस वर्षे तुम्ही त्याच हिरड्यांनी हसत होता आणि एका वाक्याने हात तोंडावर आला. सहकाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला ते आठवतही नसेल. पण त्याने जे पाहिले तेच सगळे पाहतात, हे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि ते गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील दंतवैद्यक संशोधक व्हिन्सेंट कोकिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हसऱ्या तोंडांची थोडी थोडी बदललेली छायाचित्रे तज्ज्ञांना आणि सामान्य लोकांना दाखवली. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना २ मिलिमीटर हिरडी दिसली तरी ती खटकली, सामान्य माणसांना ४ मिलिमीटरपर्यंत काही खटकले नाही. म्हणजे आमच्यासारख्यांची नजर व्यवसायाने बिघडलेली असते आणि आमच्याकडे येणाऱ्यांना ती आम्ही उधार देतो. छायाचित्राचेही तसेच आहे. समोरच्या माणसाला तुमचे हसू हलताना दिसते, हिरडी क्षणभर दिसते आणि झाकली जाते. कॅमेरा मात्र नेमका ओठ सर्वांत वर असतानाचा क्षण धरून ठेवतो.

शिवाय वयाबरोबर वरचा ओठ लांबतो आणि सैल पडतो, वरचे दात कमी दिसू लागतात आणि खालचे जास्त. तिशीत जी हिरडी जास्त वाटते ती पन्नाशीत बरीचशी आपोआप झाकली जाते. मात्रा जास्त पडली तर इंजेक्शन नेमके हेच वीस वर्षे आधी घडवून आणते: ओठ सपाट आणि लांब दिसतो. थोडी हिरडी तरुणपणाच्या हसण्यात असतेच. २-३ मिलिमीटरपर्यंत तिला दोष म्हणण्याचे कारण नाही.

हात तोंडावर नेण्याची सवय इंजेक्शनने जाईलच असे नाही, हे मात्र मी अनुभवाने सांगतो. ज्यांचा ओठ खरोखर जास्त धावत होता आणि उपचार उत्तम झाला, अशा एक बाई दोन आठवड्यांनी तपासणीला आल्या, मी हसून दाखवा म्हटले, त्या हसल्या आणि हात वर आला. त्यांना स्वतःलाच त्याची गंमत वाटली. हाताला नवी गोष्ट कळायला आणखी दोन महिने लागले. तुम्ही त्याचा सराव इंजेक्शनशिवाय आत्ताच सुरू करू शकता. घरी, फक्त बहिणीशी बोलताना, हात मांडीवर ठेवायचा, एवढेच. यातूनही आराम पडला नाही, दिवसातला बराच वेळ आरशात किंवा जुनी छायाचित्रे चाळण्यात जातो आहे, कार्यक्रम टाळावेसे वाटत आहेत, असे लक्षात आले तर आधी समुपदेशकाशी बोला. अशा मनःस्थितीत केलेला चांगला उपचारही माणसाला पुरा पडत नाही.

कार्यक्रम झाल्यावर हिरड्यांच्या तज्ज्ञाची वेळ घ्या, मापे घेऊन जा, आणि त्यांना तीनच गोष्टी विचारा: दात झाकला गेला आहे का, हाड किती जवळ आहे, आणि माझा ओठ हसताना किती मिलिमीटर वर जातो. तिसरे उत्तर ८ च्या बरेच पुढे गेले आणि पहिले "नाही" आले, तर इंजेक्शनचा विचार मूल होण्याच्या आधी की नंतर, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पहिले उत्तर "हो" आले, तर त्या केंद्राचे कार्ड टाकून द्यायला हरकत नाही.

ताजा कलमाचे उत्तर: दात जरूर साफ करून घ्या, पण या आठवड्यातच घ्या. हिरड्या सुजलेल्या असतील तर साफसफाईनंतर एक-दोन दिवस किंचित दुखतात आणि रक्त येते. तीन आठवड्यांत सूज उतरून त्या घट्ट आणि फिकट गुलाबी होतील. सुजलेली हिरडी उतरली की दात तेवढाच थोडा लांब दिसतो, तेव्हा साफसफाईआधी एकदा आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकदा पट्टी लावून पाहा.